मारणे आणि झुंजणे : ग्रीक दैवतकथांवरील कापाकापीचे खेळ आणि लिंगोची कथा

दैवतकथेचा विचार करताना मराठी समीक्षेने आजवर दोनच रूपे प्रमाण मानली आहेत: लिहिलेली कथा आणि गायिलेली कथा. हाताने खेळलेली कथा हे तिसरे रूप गेल्या वीस वर्षांत जगभर पसरले असूनही ते अभ्यासाच्या कक्षेत आलेले नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील महाविद्यालयीन तरुणाला हायड्रा, मेड्युसा, पोसायडन ही नावे ठाऊक असतात ती होमरच्या भाषांतरामुळे क्वचितच. ती त्याच्याकडे आली ती पडद्यावरील खेळातून, आणि तीही बव्हंशी इंग्रजीतून. हा खेळ पोरखेळ म्हणून दुर्लक्षावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या प्रदेशात लिंगोची कथा परधानाच्या मुखातून आणि त्याच्या वाद्यातून अजून पुरती मावळलेली नाही, त्या प्रदेशात दैवतकथा हातात घेऊन खेळण्याच्या या रीतीची परीक्षा करणे अगत्याचे आहे. कारण उद्या लिंगोचाही खेळ होईल. आणि तो कोणत्या साच्यात होईल, हा प्रश्न तंत्रज्ञाचा नसून कथेच्या अभ्यासकाचा आहे.

या खेळप्रकाराला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा सरळ मराठी अर्थ ‘कापाकापीचा खेळ’ असा होईल. त्याचा प्रमाणभूत नमुना म्हणजे ‘गॉड ऑफ वॉर’. सांता मोनिका स्टुडिओ या संस्थेने केलेला हा खेळ २००५ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी निघाला. दुसरा भाग २००७ मध्ये आणि तिसरा २०१० मध्ये आला. २०१८ पासून नायक उत्तर युरोपच्या दैवतांत गेला, त्याच्याशी येथे कर्तव्य नाही. नायक क्रेटोस हा स्पार्टाचा सेनानी. युद्धदेव एरिसला त्याने आपले आयुष्य वाहिले. त्या सेवेच्या उन्मादात स्वतःच्या बायकोला आणि मुलीला त्याने नकळत ठार केले. आणि त्यांच्या चितेची राख शापामुळे त्याच्या कातडीला कायमची चिकटली. उन्मादात स्वकीयांना मारणारा वीर ही कल्पना ग्रीकांच्या हेराक्लिसची आहे, आणि युरिपिडीसने तिच्यावर शोकात्मिका रचली आहे. राखेची जोड मात्र खेळकर्त्यांची, आणि ती चांगली आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते पांढरे अंग पाहून प्रथम भस्म आठवते, बैरागी आठवतो. आणि मग ही राख विरक्तीची नसून चिकटलेल्या अपराधाची आहे हे कळते, तेव्हा त्याला एक वेगळाच धक्का बसतो. ग्रीक वा अमेरिकन प्रेक्षकाला तो धक्का मिळत नाही.

नावाचीही एक गोष्ट आहे. क्रेटोस म्हणजे बळ. इस्किलसच्या नावावर असलेल्या ‘बद्ध प्रोमिथियस’ या नाटकाच्या आरंभी बळ आणि बलात्कार ही दोन पात्रे प्रोमिथियसला खडकाशी जखडायला येतात. त्यांपैकी बोलते ते बळच. हेफायस्टसचा हात कचरतो तेव्हा त्याला खिळे ठोकायला लावते तेही बळच. खेळाच्या दुसऱ्या भागात याच नावाचा नायक प्रोमिथियसची साखळी तोडतो. तो सुटतो तो ऑलिंपसच्या अग्नीत पडून मरण्यासाठी, आणि त्याच्या राखेतून नायकाला नवी शक्ती मिळते. जखडणाराच सोडवणारा होतो, परंतु सोडवणेदेखील मारण्याच्याच रूपात येते. या खेळाजवळ दुसरे क्रियापदच नाही.

‘क्रियापद’ हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. प्रत्येक खेळाला क्रियापदांचा एक मर्यादित कोश असतो. कंट्रोलरवरील एकेक बटण म्हणजे एकेक धातू: मारणे, उडी मारणे, अडवणे, पकडणे. कथा कितीही विस्तृत असो, खेळणाऱ्याला ती या धातूंतच बोलता येते. कथेत दया असली आणि कोशात दयेचा धातू नसला तर ती दया चित्रपटासारखी डोळ्यांपुढून निघून जाते, हाताला लागत नाही. म्हणून असल्या कृतीची समीक्षा तिच्या कथानकावरून करणे म्हणजे नाटकाची समीक्षा त्याच्या जाहिरातीवरून करणे होय. पाहायचे ते हे, की कथेचा कोणता भाग खेळणाऱ्याच्या हाती दिला आहे आणि कोणता नुसता दाखवला आहे.

खेळणाऱ्यांचे बोलणे ऐकले तर व्याकरणदृष्ट्या एक मौजेची गोष्ट आढळते. नायक पडला की खेळणारा म्हणतो, ‘मी मेलो.’ हायड्रा पडली की म्हणतो, ‘मी हायड्रा मारली.’ परंतु बटण दाबूनही नायक हलला नाही की तोच खेळणारा म्हणतो, ‘हा उडीच मारत नाही.’ जय आणि मरण प्रथमपुरुषी, अवज्ञा मात्र तृतीयपुरुषी! न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना येथे आठवल्यावाचून राहत नाही. आपले आपलेपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, यात वाङ्मयानंद आहे असे त्यांचे म्हणणे होते. वाचकाच्या बाबतीत हे शिरणे अंतरात घडते. खेळणाऱ्याच्या बाबतीत ते पुरुषवाचक सर्वनामाच्या बदलात कानांना ऐकू येते. खेळातील नायकाला आज जगभर ‘अवतार’ म्हणतात. आपल्याकडचा ‘सोंग’ हा शब्द अधिक नेमका आहे. अवतार वरून खाली येतो. सोंग माणूस घेतो, वागवतो आणि उतरवतो. झाडीपट्टीतील दंडार पाहणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रश्न असा, की हे सोंग काय करते? येथे ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांची साक्ष उपयोगी पडते. ‘लढणे’ या अर्थाचा होमरचा धातू ‘माखोमाइ’ हा मध्यमप्रयोगी आहे. संस्कृतातला ‘युध्यते’ आत्मनेपदी आहे. उलट ‘ठार मारणे’ या अर्थाचा ग्रीक ‘क्तेइनो’ कर्तरी आणि संस्कृत ‘हन्ति’ परस्मैपदी. उभयपदी धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असल्यास आत्मनेपद योजावे असे पाणिनी सांगतो. ‘युध्’ हा उभयपदी नाही, आणि प्रत्येक आत्मनेपदी धातूत हा अर्थ शोधू जाणे धाडसाचे ठरेल, हे मान्य केले पाहिजे. तरीही दोन भगिनीभाषांनी झुंजणे एका पदात आणि मारणे दुसऱ्या पदात ठेवावे, ही गोष्ट विचार करायला लावते. झुंजीत कर्ता स्वतःही गुंततो, त्याचे काही पणाला लागते, क्रिया त्याच्यावर उलटते. मारणे दुसऱ्यावर जाऊन संपते. गीतेतील आज्ञा ‘युध्यस्व’ अशी आत्मनेपदी आहे, हे सहज आठवावे.

होमरचे युद्ध या अर्थाने आत्मनेपदी आहे. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोमिडीस हा मर्त्य वीर अथीनाच्या साह्याने प्रथम अफ्रोडायटीला आणि अखेर खुद्द एरिसला घायाळ करतो, एरिस नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजाने ओरडतो आणि ऑलिंपसवर पळतो. म्हणजे देवावर शस्त्र चालवणारा मर्त्य ही काही खेळकर्त्यांची नवी धिटाई नव्हे. परंतु त्याच सर्गात डायोमिडीस अपोलोवर तीनदा धावून जातो, तीनदा त्याची ढाल हटवली जाते, आणि चौथ्या वेळी देव त्याला माणूस आणि देव यांतील अंतराची जाणीव देतो, तेव्हा तो थोडा मागे सरतो. या मागे सरण्यात संबंध ग्रीक धर्मबुद्धी आहे. क्रेटोसला चौथी वेळ नाही. पहिल्या तीन वेळा अपयश आले तर चौथ्यांदा पुन्हा तेथूनच आरंभ करावा आणि देव मारूनच पुढे जावे, अशी खेळाची रचना आहे. ग्रीक शोकात्मिका जेथे थांबते तेथे खेळ ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. दैवतांची नावे, मंदिरे, शस्त्रे ही सारी ग्रीक आहेत. ज्या मर्यादेमुळे ती कथा ग्रीक होती ती मर्यादा मात्र गळाली आहे.

एवढ्यावरून हा खेळ बुद्धिहीन आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यातील दोन-तीन स्थळे कोणत्याही गंभीर समीक्षेने थांबून पाहावी अशी आहेत. पहिल्या भागाच्या आरंभी हायड्रेला मारल्यावर क्रेटोस तिच्या घशात उतरतो. तेथे जहाजाचा कप्तान लोंबकळत असतो. आपल्याला वाचवायला कोणी आले म्हणून तो आभार मानू लागतो. क्रेटोस त्याच्या गळ्यातील किल्ली काढून घेतो आणि त्याला सोडून देतो. पुढे पँडोराच्या मंदिरात एक दार उघडण्यासाठी पिंजऱ्यातील सैनिकाला चढावर ढकलत न्यावे लागते आणि जिवंत जाळावे लागते. अमेरिकेतील आवृत्तीत तो जिवंत माणूस आहे, युरोपातील आवृत्तीत त्याच्या जागी प्रेत ठेवले आहे. कप्तानाचे मरण नुसते दाखवलेले आहे. सैनिकाचे मरण खेळणाऱ्याच्या हातून घडवलेले आहे. ढकलण्याचे श्रम त्याचे, वेळ त्याचा, विनवणी ऐकणारे कान त्याचे. येथे कृती खेळणाऱ्यावर उलटू लागते. युरोपातील फेरफाराने नेमका हाच क्षण बोथट केला, ही सोवळ्या वृत्तीने केलेल्या संस्करणाची नेहमीचीच गत.

तिसऱ्या भागातील पोसायडनचा वध याहून विलक्षण आहे. तेथे दृश्य एकाएकी पोसायडनच्या डोळ्यांतून दिसू लागते. खेळणारा बटणे दाबतो ती क्रेटोसच्या हातांनी मारण्यासाठी, आणि पाहतो ते मार खाणाऱ्याच्या डोळ्यांनी. शेवटी ते डोळेच फोडले जातात आणि पडदा काळा होतो. कर्त्याचे हात आणि कर्माचे डोळे एकाच माणसाला देणारा हा प्रसंग गद्यात लिहिता येणार नाही, रंगभूमीवर दाखवता येणार नाही. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद मारलेल्याच्या लिंगवचनाशी जुळते, ‘मी देव मारला’, ‘मी हायड्रा मारली’. भाषेत जी गोष्ट सवयीने निर्जीव झाली आहे ती येथे दृष्टीला भिडते. पोसायडन मरताच समुद्र जमिनीवर चढतो, हीलिओस मरताच सूर्य झाकोळतो, हर्मीस मरताच रोगराई पसरते. देव म्हणजे व्यक्ती नसून विश्वाची व्यवस्था होय, हे खेळ विसरलेला नाही. आणि सर्वांत अखेरीस क्रेटोस तलवार स्वतःच्या पोटात खुपसतो, ती आपल्या अंगातील आशेची शक्ती मानवजातीकडे जावी म्हणून. तीन खेळांच्या रक्तपातानंतर आलेले हे एकमेव खरे आत्मनेपद.

पण ही स्थळे अपवाद आहेत. त्यांच्या मधले असंख्य वध कशाचेच होत नाहीत. मेलेल्या शत्रूतून लाल गोळे उडून नायकाच्या अंगात शिरतात आणि त्यांच्या मोबदल्यात शस्त्र अधिक धारदार करता येते: मारणे हेच उत्पन्न, आणि त्या उत्पन्नाचा व्यय पुन्हा मारण्याकडेच. या हिशेबात कोणत्याही शत्रूला नाव नसते. होमरची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे एका ओळीपुरता येऊन मरणाऱ्या योद्ध्यालाही बाप असतो, गाव असते.

आता लिंगोकडे वळावे. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूर भागात परधानाकडून ही गीतकथा टिपून घेतली. १८६३ साली हिस्लॉप बुडून वारल्यावर रिचर्ड टेंपलने त्याचे कागद संपादून १८६६ मध्ये ती छापली. या पाठाला आज गोंड समाजातील लेखकांनी आक्षेप घेतले आहेत आणि कोया पुनेमच्या दृष्टीने वेगळी मांडणी केली आहे. मोतीरावण कंगाली यांचे लेखन या संदर्भात महत्त्वाचे आहे. पाठभेदांचा निवाडा हा स्वतंत्र विषय. प्रस्तुत प्रश्नापुरते तीन प्रसंग पुरेसे आहेत.

पहिला अग्नीचा. भावांना अन्न शिजवायला विस्तव हवा आहे आणि तो रिकाड गवडी या राक्षसाच्या शेतात आहे. धाकटा भाऊ आणायला जातो आणि भिऊन परत येतो. मग लिंगो जातो, भोपळ्याचे तंतुवाद्य करतो, पिंपळावर चढून बसतो आणि वाजवू लागतो. म्हातारा राक्षस आणि त्याची बायको नाचू लागतात. नाचता नाचता वैर संपते, आणि त्याच्या सात मुली लिंगोच्या भावांच्या बायका होतात. प्रोमिथियसने अग्नी चोरला म्हणून तो जखडला गेला. लिंगोने अग्नीच्या धन्याला नाचवले. दुसरा प्रसंग बिंदो पक्ष्याचा. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडण्याचे मोल म्हणून महादेव त्या पक्ष्याची पिले मागतो. लिंगो समुद्रकाठी पोचतो तेव्हा आईबाप चाऱ्याला गेलेले असतात, पिले एकटी असतात. सहज उचलता आली असती. पण त्यांच्या पश्चात नेली तर आपण चोर ठरू, म्हणून तो थांबतो. तेवढ्यात पिले गिळायला सर्प वर येतो. लिंगो त्याला मारतो. परतलेले पक्षी कृतज्ञ होऊन स्वतःच त्याला पिलांसह पाठीवर घेऊन निघतात.

हायड्रेच्या घशातील कप्तान येथे आठवावा. दोन्हीकडे पाण्यातला सर्प आहे, वध आहे, वधानंतर मिळणारी वस्तू आहे. क्रेटोस उपकृताच्या गळ्यातून किल्ली ओरबाडतो. लिंगो धनी येईपर्यंत वाट पाहतो. लिंगोच्या कथेतही मारणे आहे, परंतु कथेचे मुख्य क्रियापद ‘थांबणे’ हे आहे. लिंगोच्या कथेत रक्त नाही असे मात्र कोणी समजू नये: खोट्या आळावरून भाऊ त्याला ठार करतात, त्याचे डोळे काढतात आणि त्या डोळ्यांनी गोट्या खेळतात. पोसायडनच्या प्रसंगाइतकाच हा प्रसंग भयंकर आहे. फरक असा, की येथे डोळे जातात ते नायकाचे, आणि अमृताने उठल्यावर तो सूड घेत नाही. कोंडलेल्या बांधवांच्या शोधास निघतो.

तिसरा प्रसंग त्या गुहेच्या दाराचा. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे जी यात्रा भरते तिला चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंडही जातात. कोया पुनेमच्या मांडणीत गुहेवरची शिळा हलते ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने, आणि तिच्याखाली तो स्वतः चिरडून मरतो. एका कथेत दार उघडायला दुसऱ्याला जाळावे लागते. दुसरीत वाजवणाराच स्वतःला देतो.

यावरून ‘लिंगोचा खेळ करूच नये’ असे म्हणणारा एक पक्ष निघेल. त्याच्याजवळ आधार आहे. २००९ साली हैदराबादच्या ऑरोना संस्थेने प्लेस्टेशन २ साठी हनुमानावर खेळ केला, तेव्हा पूज्य देवतेला बटणांनी हलवण्याबद्दल आक्षेप घेतला गेला. लिंगो हे तर जिवंत दैवत; ते ज्यांचे आहे त्यांच्या संमतीवाचून कोणी त्याचे सोंग विकायला काढणे हे गैरच. पण हनुमानाच्या खेळानंतर अकरा वर्षांनी, २०२० मध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा खेळ केला आणि या अडचणीतून शहाणपणाची वाट काढली. राजी ही डोंबारी खेळ करणारी साधी मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पण देवतांना खेळणारा हलवत नाही; दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, भिंतींवरील चित्रांतून पुराणे उलगडतात. सोंग माणसाचे, निरूपण देवाचे: ही योजना आपल्या कथनपरंपरेला धरून आहे. मात्र राजीच्या हातातील क्रियापदे पाहिली तर ती ‘गॉड ऑफ वॉर’चीच आहेत. चित्रे पहाडी शैलीची, छायाबाहुल्या भारतीय, आणि व्याकरण परके. मूळ संवादही इंग्रजीतच. कथा आपली आणि धातुपाठ उसना, अशी ही अवस्था मराठी नाटकाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

आणि धातुपाठ बदलता येत नाही असे नाही. जपानच्या निंटेंडोने १९९८ मध्ये काढलेल्या ‘झेल्डा’ मालिकेतील एका खेळात नायक मातीची बासरी वाजवतो. बरोबर सूर दाबले की दारे उघडतात, पाऊस पडतो. अलास्कातील इनुपियाक लोकांची एक लोककथा त्यांच्याच प्रतिनिधिसंस्थेच्या सहभागाने २०१४ साली खेळरूप झाली, ती ‘नेव्हर अलोन’. तिचे निवेदन इनुपियाक भाषेत आहे आणि इंग्रजी फक्त पडद्याच्या तळाशी. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या दोन्ही लिप्यांना २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. म्हणजे पडद्यावर गोंडी अक्षर उमटण्यास यांत्रिक अडचण उरलेली नाही. वाद्य आहे, गायक आहेत, कथेचे पाठ आहेत.

नाही ते या कथेच्या क्रियापदांचे संकलन. लोकसाहित्याच्या प्रबंधांतून कथाबीजे, पात्रे, विधी यांच्या याद्या भरपूर होतात. परधान गाताना लिंगोकडून कोणती कृत्ये करवतो, त्यांतली किती परस्मैपदी आणि किती आत्मनेपदी, कोठे तो थांबतो, कोठे वाद्य शब्दाची जागा घेते, पिंपळावरचे वादन किती वेळ चालते आणि तेवढा वेळ श्रोते काय करतात, याची नोंद कोणी केलेली दिसत नाही. खेळ करणारा जेव्हा भामरागड-एटापल्लीच्या वाटेने येईल, तेव्हा तो कथासार मागणार नाही. ते त्याला १८६६ च्या ग्रंथातही मिळेल. नायकाच्या हाती काय द्यायचे, हे तो विचारील. त्या वेळी विद्यापीठाजवळ उत्तर नसेल, तर त्याच्या यंत्रात तयार असलेली तलवार तो लिंगोच्या हातात देईल, आणि भोपळ्याचे वाद्य मागच्या भिंतीवर चित्र म्हणून टांगलेले राहील.